दुधाच्या घरातली कॉफीयंत्रं

कॉफीचं यंत्र घ्यायला गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. त्याआधी घरी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपल्या कपात दूध किती असतं? मराठी घरातली कॉफी ही बहुतेक वेळा दुधाचीच असते. साखर घालून उकळलेली, वर जायफळ किसलेली, पाहुणे असले तर वेलदोडा ठेचून घातलेली. दुकानात मांडलेली यंत्रं मात्र इटली, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका इथल्या सवयींतून घडली आहेत आणि त्यांतली बरीचशी काळ्या कॉफीसाठी आहेत. काही तर अप्रतिम आहेत. पण काळ्या कॉफीत उठून दिसणारी नाजूक चव पाऊण कप म्हशीच्या दुधात बुडून जाते, मग दोष यंत्राला दिला जातो आणि ते माळ्यावर जातं. म्हणून इथे प्रत्येक यंत्राची पारख दोनच गोष्टींवर केली आहे: त्यातून उतरणारा अर्क दुधाला पुरून उरतो का, आणि दूध कुठे तापणार.

या कसोटीवर सगळ्यात वर येतो तो सगळ्यात स्वस्त, दक्षिणेकडचा स्टीलचा किंवा पितळी फिल्टर. एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीची चकती, वर झाकण. वरच्या डब्यात पावडर घालून चकतीनं हलकेच दाबायची, नुकतंच उकळलेलं पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट, काळाभोर अर्क उतरतो. तो इतका जोरकस असतो की दोन-तीन मोठे चमचे अर्कावर कपभर गरम दूध ओतलं तरी कॉफीचा कडवटपणा जागेवर राहतो. हे यंत्र मुळातच दुधाच्या कॉफीसाठी घडलेलं आहे, आणि या आढाव्यात ही गोष्ट फार थोड्या यंत्रांबद्दल म्हणता येते. त्याला वीज लागत नाही. त्यात रबर नाही, काच नाही, त्यामुळे बिघडणार काय? भोकं बुजली तर गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं घासायची. पावडर फार बारीक असली किंवा चकती जोरानं दाबली तर अर्क उतरता उतरत नाही, एवढं एकच पथ्य. रात्री भरून ठेवला की सकाळी फक्त दूध तापवायचं काम उरतं.

या फिल्टरबरोबर पावडरही समजून घेतली पाहिजे. दक्षिणेकडच्या पाकिटांत बहुधा चिकरी असते. चिकरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण त्यानं अर्काला रंग आणि दाटपणा येतो. भारतातल्या नियमानुसार कॉफी-चिकरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचून घ्यावं. ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकरी हे दुधासाठी मला उत्तम प्रमाण वाटतं. चिकरी निम्म्यावर गेली की कपात कॉफी कमी आणि जळक्या साखरेसारखी चव जास्त लागते.

‘१०० टक्के अरेबिका’ हे शब्द आता प्रत्येक महागड्या पाकिटावर दिसतात. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. बाबाबुदनगिरी, चिकमगळूर, कूर्ग आणि अराकू खोऱ्याची अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा या पाच कॉफींना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे आणि तिला कमी लेखण्याचं कारण नाही. तिच्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, ती जास्त कडू आणि भरदार असते. काळी प्यायला अरेबिका घ्यावी, दुधात मात्र थोडी रोबस्टा मिसळलेली पावडरच टिकते. मुंबईत माटुंग्याच्या दुकानांत प्रमाण सांगितलं की समोर दळून देतात. तशी सोय जवळ असेल तर अर्धं काम झालं.

आता दूध. कॉफीच्या यंत्रावर हजारो रुपये खर्च होतात आणि दूध मात्र तळाला लागलेल्या पातेल्यात तापतं. त्यावरचा आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे मिल्क कुकर. दुहेरी भिंतीचं भांडं, भिंतींमध्ये पाणी भरायचं तोंड, त्यावर शिट्टी. दूध उकळायला पाण्यापेक्षा किंचित जास्त तापमान लागतं, त्यामुळे भोवतीचं पाणी उकळत असलं तरी आतलं दूध उसळून उतू जात नाही, तळाला लागत नाही. भिंतींमधलं पाणी संपू द्यायचं नाही, एवढीच काळजी. रोज चार-सहा कप करणाऱ्या घरात याच्याइतकं उपयोगी भांडं नाही. गेल्या काही वर्षांत ते अनेक ओट्यांवरून हटलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फेस हवा असेल तर दुधाचा प्रकार महत्त्वाचा. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. स्निग्धांश जास्त असला की बुडबुडे लवकर बसतात. पिशवीच्या फुल क्रीम दुधात निदान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. फेसाला टोन्ड, चवीला फुल क्रीम, अशी ही निवड आहे. दूध फ्रीजमधलं थंड घ्यायचं, साय गाळून टाकायची आणि ६० ते ६५ अंशांवर थांबायचं. त्यापुढे दुधाचा गोडवा जाऊन उकळलेल्या दुधाचा वास येतो. बॅटरीवर फिरणारी हातातली फ्रॉदर कांडी एक-दोन कपांना पुरते आणि काहीशे रुपयांत मिळते. विजेवरच्या जग-फ्रॉदरमध्ये दूध तापणं आणि फेसाळणं एकदमच होतं. त्याच्या आतल्या दोन खुणा मात्र घेण्याआधी बघाव्यात: फेसासाठी दूध खालच्या खुणेपर्यंतच भरता येतं, आणि बहुतेक जगांत तेवढ्यानं जेमतेम एक किंवा दोनच कप होतात. पाच माणसांच्या घरात तो दोनदा-तीनदा लावावा लागतो. ताकाची लहान रवी गरम दुधात फिरवली तरी जाडसर फेस येतो, आणि पेल्यातून वाटीत उंचावरून ओतण्याची दक्षिणी रीत तर फुकटच आहे.

विजेची केटली बहुतेकांच्या घरी आधीच असते, पण ती नीट पाहून घेतलेली नसते. साधारण १५०० वॅटची केटली साडेसहा अँपिअर वीज ओढते. टीव्ही आणि मोबाइल चार्जरसाठी असलेला लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. म्हणून तिची जागा ओट्याजवळच्या १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर. एक्स्टेंशन बोर्डवर ती लावूच नये. वायर गरम होते आणि पिन काळ्या पडतात. एक लिटर पाणी तिच्यात चार मिनिटांच्या आसपास उकळतं आणि विजेचा साधारण एक दशांश युनिट खर्च होतो.

केटली आपोआप बंद कशी होते, हे एकदा बघण्यासारखं आहे. पाणी उकळलं की वाफ वरच्या बाजूच्या एका फटीतून दांड्यातल्या पोकळीत शिरते आणि बटणाजवळच्या दोन धातूंच्या पातळ चकतीवर आदळते. दोन्ही धातू तापून वेगवेगळे फुगतात, चकती एका झटक्यात उलटी वाकते आणि बटण खटकन वर येतं. झाकण उघडं ठेवलं तर वाफ तिथे पोचतच नाही आणि पाणी आटेपर्यंत उकळत राहतं. अगदी थोडं पाणी घातल्यावरही कधीकधी हेच होतं. कोरड्या केटलीचा वेगळा बचाव तळाला असतो. पण रोज त्याच्यावर भिस्त ठेवू नये. घेताना आतलं पात्र सलग स्टीलचं आहे का, त्यावर ३०४ हा प्रकार लिहिला आहे का, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खिडकीला प्लास्टिक किती आहे, हे बघावं. अर्थिंगची तिसरी पिन आणि आयएसआय खूण असावीच.

या केटलीत दूध तापवू नये. तळ फार झपाट्यानं तापतो, दुधातली प्रथिनं त्याला चिकटून करपतात आणि फेस तोटीतून बाहेर येऊन खालच्या जोडणीत शिरतो. वसतिगृहातल्या मुलांसाठी रुंद तोंडाची, सपाट तळाची मल्टी-केटली मिळते. तिच्यात दूध किंवा चहा समोर उभं राहून उकळता येतो आणि हात घालून घासता येतं. मुलं पहिल्यांदा घर सोडून पुण्यात शिकायला येतात तेव्हा आईवडिलांनी साधीऐवजी हीच द्यावी.

तापमान ठरवता येणारी महागडी केटली कुणी घ्यावी? ग्रीन टी पिणाऱ्यांनी, कारण तो ७० ते ८० अंशांच्या पाण्यात चांगला लागतो, उकळत्या पाण्यात तुरट होतो. कॉफीला ९० ते ९६ अंश पाणी पुरतं, आणि तेवढं साध्या केटलीतही मिळतं: उकळी आल्यावर झाकण उघडून अर्धा मिनिट थांबायचं. शिवाय उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. पुण्यात ९८ अंशांच्या आसपास, महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या. महाबळेश्वरकरांनी तर थांबूच नये.

चहाचं यंत्र मात्र आपल्याला फारसं लागत नाही. आपला दाणेदार सीटीसी चहा १९३० च्या दशकात आसामात सुरू झाला, आणि दुधात उकळून दाट रंग देणं हाच त्याचा गुण. आलं आणि गवती चहा पाण्यात आधी उकळावे लागतात, मग पूड, मग दूध. हे सगळं पातेल्यात जितकं सोपं तितकं कुठल्याही विजेच्या चहायंत्रात नाही. शिवाय यंत्राची जाळी आणि भांडं रोज घासावं लागतं ते वेगळंच. हात थरथरणाऱ्या किंवा गॅससमोर उभं राहणं जमत नसलेल्या आजी-आजोबांसाठी मात्र ते उपयोगी आहे, आणि तेवढ्यासाठी घेतलं तर पैसे वाया जात नाहीत.

फिल्टरनंतर दुधाला साथ देणारं दुसरं भांडं म्हणजे मोका पॉट. अल्फोन्सो बिआलेत्तीनं ते १९३३ मध्ये इटलीत बाजारात आणलं. खालच्या खोलीत पाणी, मध्ये चाळणीत पावडर, वर कॉफी जमण्याची जागा. खालचं पाणी तापलं की वाफेच्या दाबानं ते पावडरीतून वर ढकललं जातं. हा दाब एक-दोन बारच असतो, त्यामुळे ही एस्प्रेसो नाही. पण अर्क चांगला दाट असतो आणि निम्म्याला निम्मं दूध सहज पेलतो. पाणी आतल्या छोट्या सुरक्षा-झडपेच्या खाली राहील इतकंच भरायचं. पावडर दाबायची नाही, नुसती सपाट करायची. पाणी आधीच गरम घेतलं तर पावडर तव्यावर भाजल्यासारखी तापत बसत नाही आणि कडवटपणा कमी येतो. आच मंद ठेवून झाकण उघडं ठेवलं की मधल्या नळीतून आधी तांबूस-काळी, संथ धार येताना दिसते, मग ती पिवळट, फेसाळ होते आणि गुरगुर ऐकू येते. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवायचं.

विकत घेताना तीन गोष्टी. लहान मोका पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर बसत नाही, जाळीच्या दांड्यांमधून कलंडतो. भांड्याच्या दुकानात मिळणारी लहान गोल जाळी सोबत घ्यावी. ॲल्युमिनियमचा मूळ नमुना इंडक्शनवर तापतच नाही; त्यासाठी चुंबक चिकटेल अशा तळाचा स्टीलचा घ्यावा. आणि ‘तीन कप’ म्हणजे तीन इवलेसे इटालियन पेले, एकूण जेमतेम दीडशे मिली. दूध घालून पिणाऱ्या दोघांसाठी तो बरोबर आहे, चौघांसाठी सहा कपांचा घ्यावा. अर्धा भरून मोठा मोका पॉट वापरला तर चव बिघडते, त्यामुळे रोज किती जणांसाठी करायची हे आधीच ठरवावं.

एस्प्रेसो मशीनकडे येण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकांच्या मनातली एस्प्रेसो म्हणजे लग्नातली एस्प्रेसो: गरम दूध, इन्स्टंट कॉफी, साखर, त्यात खसखसत सोडलेली वाफ आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पूड. ती कॉफी छानच असते. पण ती हवी असेल तर तीस हजारांचं मशीन नको. इन्स्टंट कॉफी, साखर आणि पाण्याचे चार थेंब चमच्यानं पांढरट होईपर्यंत फेटायचे आणि वर गरम फेसाळ दूध ओतायचं. इन्स्टंट कॉफी डब्यात कोरडी ठेवावी एवढंच. कोकणात पावसाळ्यात उघड्या बाटलीतल्या कॉफीची एका आठवड्यात ढेप होते.

खरी एस्प्रेसो वेगळी. तुरिनच्या अँजेलो मोरिओन्दोनं १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ मध्ये लुइजी बेझ्झेरानं त्यात एकेका कपाची सोय केली, दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्रानं वाफेऐवजी जोराचा दाब आणला आणि कपावर तो सोनेरी तवंग दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई-६१ नं दांडा ओढायचं काम विजेच्या पंपाला दिलं. तेव्हापासून नऊ बार हा दाब प्रमाण मानला जातो. खोक्यावर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते पंपाची जास्तीत जास्त ताकद सांगतं. पावडरीवर नऊच्या आसपासचा दाब पडला तरच कॉफी चांगली होते. वीस बार म्हणून चार हजार जास्त मोजू नयेत. उलट, पाच हजारांच्या आसपासच्या, पंप नसलेल्या, नुसत्या वाफेवर चालणाऱ्या मशीनचा दाब साडेतीन-चार बारच असतो. ती मोका पॉटपेक्षा थोडी पुढची आहे, आणि वाफेची नळी असल्यामुळे दुधाला बरी. तिला एस्प्रेसो मशीन म्हणून विकणं मला पटत नाही.

पंपाचं मशीन घेतलंच तर त्याच्या चाळणीकडे बघावं. स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची चाळणी येते. खालच्या तळाला एकच बारीक भोक असल्यामुळे पावडर कशीही असली तरी दाब तयार होतो आणि फेस दिसतो. तयार पावडर वापरणाऱ्यांना ती सोयीची आहे. साधी चाळणी वापरायची तर १८ ग्रॅम पावडरीतून साधारण ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली पाहिजे, आणि ते पावडर किती बारीक आहे यावरच ठरतं. म्हणजे मशीनच्या किमतीत ग्राइंडरची किंमत धरावी लागते. ती धरायची तयारी नसेल तर मशीन घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. रोज दूध लागणारी वाफेची नळी प्रत्येक वेळी ओल्या फडक्यानं पुसून, वाफ सोडून मोकळी करावी लागते. बिया दळण्यापासून दूध फेसाळण्यापर्यंत सगळं आपोआप करणाऱ्या मशीनमध्ये दुधाच्या नळ्या आतच असतात. आपल्या उन्हाळ्यात त्या एक दिवस जरी धुवायच्या राहिल्या तरी आंबट वास येतो.

दूध न घालणाऱ्यांचं काम मात्र थोड्या पैशांत होतं. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झनं १९०८ मध्ये टीपकागदातून कॉफी गाळली तेव्हापासून कागदी फिल्टरची रीत चालत आली आहे. कॉफी स्वच्छ आणि हलकी उतरते. बियांतले कोलेस्टेरॉल वाढवणारे काही तेलकट घटक कागदात अडकतात, म्हणून ज्यांना डॉक्टरांनी जपायला सांगितलं आहे त्यांनी हीच पद्धत धरावी. फ्रेंच प्रेसमध्ये ते घटक कपात येतात. भरड पावडर, चार मिनिटं आणि संथपणे दाबलेला दांडा, एवढंच त्याचं तंत्र. ॲलन ॲडलर यांचं २००५ मधलं एरोप्रेस प्रवासाला उत्तम, एकट्याला पुरेसं, आणि पडलं तरी फुटत नाही. कॅप्सूलच्या मशीनमध्ये बटण दाबायचं आणि प्यायचं, पण एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅमच पावडर असते. एवढ्याशा अर्कावर दूध ओतलं की हाती फिकं पाणी येतं. आणि प्रत्येक कपामागे ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकची एक रिकामी कॅप्सूल कचऱ्यात जाते. मी ते मराठी घरासाठी सुचवणार नाही.

यंत्रावर पाच हजार आणि दळण्यावर शून्य, ही नेहमीची वाटणी उलटी करावी. मिक्सरचं पातं बिया तोडतं. एकाच वेळी पिठासारखी भुकटी आणि मोठे तुकडे पडतात, भुकटी कडू होते, तुकडे कच्चे राहतात, आणि चटणीच्या भांड्यातला लसणाचा वास कॉफीत उतरतो. बर ग्राइंडर म्हणजे आपलं जातंच: दोन दातेरी पृष्ठभाग, मधली फट कमी-जास्त करता येते, आणि दाणे एकसारखे पडतात. हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडर दोन माणसांची पावडर दोन-तीन मिनिटांत देतो. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तीच घ्यावी आणि महिनाभरात संपवावी.

पाणीही बघावं. धरणाच्या पाण्यावरच्या शहरांत फारसा प्रश्न येत नाही, पण बोअरच्या जड पाण्यात केटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. मशीनमध्ये तो बारीक नळ्यांतच बसतो आणि एके दिवशी पंप गुरगुरतो, पाणी येत नाही. ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड, एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा, घालून केटलीत उकळावं, अर्धा तास ठेवावं आणि दोनदा स्वच्छ पाण्यानं विसळावं. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला हा उपाय करू नये, तो काळा पडतो. आरओच्या पाण्यानं थर धरत नाही, पण क्षार फारच कमी असले की कॉफी बेचव लागते; आरओच्या पाण्यात थोडं नळाचं गाळलेलं पाणी मिसळून पाहावं.

दुकानातून निघण्याआधी शेवटचं काम सुट्या भागांचं. मोका पॉटची रबरी रिंग वर्ष-दोन वर्षांत कडक होते आणि बाजूनं पाणी गळू लागतं. कपांच्या मापाप्रमाणे तिची मापं वेगळी असतात, तेव्हा दोन जास्तीच्या त्याच वेळी घ्याव्यात. फ्रेंच प्रेसची काच पहिली फुटते, तेवढीच मिळते का हे विचारावं. आणि पंपाचं मशीन घेणार असाल तर कंपनीचं सेवाकेंद्र आपल्या जिल्ह्यात आहे की यंत्र खोक्यात घालून मुंबईला पाठवावं लागणार, हे पैसे देण्याआधी फोन करून पक्कं करावं. म्हणूनच मशीनचं मूळ खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नये.